भोंग्यावरचं घोरणं

रविवार, ३१ मार्च १९९६

वीणा जमिनीला लागली नाही. एवढं आधी लिहून ठेवतो.

गावच्या सप्त्यात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, उभ्यानं, नाम घेत. दुपारचा पहारा माझा. यंदा भोंगे, अँप्लिफायर, सगळी जोडणीही माझीच. माइक तोंडापासून बरोबर वीतभर ठेवला होता — शब्द फाटू नयेत म्हणून.

जेवून मंडळी मांडवात लवंडली होती. नाम घेत होतो, एवढं आठवतं. मग विनायकचा एक हात माझ्या छातीवर, दुसरा वीणेखाली. "काशा! अरे काशा!" डोळे उघडले तर सगळा मांडव जागा. आणि हसतोय!

उभ्या उभ्या झोप लागली होती. लागली ती लागली, वर घोरलो. माइकमध्ये. नदीपलीकडे ऐकू गेलं म्हणतात. जोडणीत काही दोष नव्हता.

वीणा विनायकनं स्वतःच्या गळ्यात घेतली. घेताना माझ्या तोंडाचा वास त्याला आला. त्याच्या चेहऱ्यावर दिसलं ते.

सोमवार, १ एप्रिल

दुकान उघडलं नाही.

शुक्रवार, ५ एप्रिल

आज देवळात बैठक झाली. माझ्यावरच.

वास कनकासवाचा होता. घोरण्यावर म्हणून घेत होतो. वैद्यकाच्या पुस्तकात दोन चमचे लिहिलंय ते दम्याला. माझं दुखणं वेगळं, म्हणून मात्रा मीच ठरवली — अर्धा पेला. जळालेल्या मोटरींचं वाइंडिंग भरायला मला कोणी शिकवलं नाही. इंग्रजी पुस्तक आणि शब्दकोश घेऊन बसलो आणि शिकलो. मग औषध का जमू नये, असं वाटलं. आसवात मद्यार्क असतो हे माहीत होतं. एवढा, हे नव्हतं.

विनायक सप्त्याचा अध्यक्ष. मिठागरात आम्ही दोघांनी एकत्र पाट्या उचलल्यात. हळू आवाजात म्हणाला, "काशा, खरा सांग. पिलेलास काय?"

वाक्य तयार होतं — घोरण्यासाठी आसव घेतलं. तेवढ्यात मागून कोणीतरी घशातून तो आवाज काढला. भोंग्यावरचा. माझा. सगळे फुटले!

मी म्हणालो, "हो. पिलो होतो."

हसणं बंद. एकदम! दारूला कोणी हसत नाही.

विनायकनं माझ्या गळ्यातली तुळशीची माळ उतरवली. "पुढल्या सप्त्याला मीच घालीन. तोवर नीट राहा."

घरी गोदू म्हणाली, "आवं, तुमी कधी पिलात? देवापुढं खोटं कशाला बोललात?" मी जेवलो नाही.

रविवार, १४ एप्रिल

अंकिता आली. मुंबईला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आईनं सगळं ओकलेलं दिसतंय.

"बाबा, झोपेत तुमचा श्वास थांबतो म्हणे."

"श्वास नाही, घोरणं थांबतं. आसवाचा गुण आहे तो."

गोदू आतून ओरडली, "गुन कसला! मी हलवते तेवा श्वास घेता तुमी!"

कित्येक वर्षं हलवते आहे म्हणे. मग मला कधी बोलली का नाहीस? — "तुमाला कोनी काय सांगितलेला चालतंय काय?"

पोरीनं मान खाली घातली. हसत होती की काय, कळलं नाही. आसवाची बाटली मीच मोरीत ओतली.

मंगळवार, ४ जून

मुंबईचं इस्पितळ. डोक्याला, छातीला, नाकाशी तारा चिकटवून एक रात्र झोपवलं. गोदू शेजारी स्टुलावर.

सकाळी डॉक्टरनं कागद दाखवला. माझ्या निम्म्या वयाचा असेल. आलेख मला समजावून सांगावा लागत नाही. छातीची रेघ वरखाली होते आहे, नाकाची सपाट. मोटर फिरायला बघते आणि शाफ्ट जाम — वाइंडिंग जळतं ते असंच.

"बरोबर, काका," तो म्हणाला. "झोपेत घसा मिटतो. छाती ओढत राहते, हवा आत जात नाही. रात्रभर अशी झटापट, म्हणून दिवसा डोळा लागतो. आळस नाही तो. हृदयावर मात्र ताण येतो. कधी कधी तर माणूस —" गोदूकडे बघून थांबला. "आणि दारू अजिबात नको. घसा आणखी सैल पडतो."

आसवाचं सांगितलं नाही. तिथेही!

शनिवार, २० जुलै

यंत्र आलं. नाकावर मुखवटा, त्याला नळी, नळीतून हवेचा दाब. घसा मिटू देत नाही. कल्पना साधी आणि पक्की आहे. मला सुचायला हवी होती.

मुखवटा बांधून आरशात पाहिलं. गोदूनं तोंडाला पदर लावला. "बाप्पा आले!" म्हणाली आणि हसत सुटली. मी काढून फेकला. रात्री तिनंच परत बांधला, न हसता.

सोमवार, २२ जुलै

झोप म्हणजे ही होय!

गुरुवार, २५ जुलै

तळोज्याच्या कारखान्याची मोटर एका बैठकीत भरली. डुलकी नाही.

शेजारची ठमाबाई — विनायकची बायको — कुंपणावरून म्हणाली, "रातचा काय गरगरतंय तुमच्यात?" मी म्हणालो, "गिऱ्हाइकाचा पंप. चालवून बघतो." आता खिडकी लावून झोपतो.

गुरुवार, २२ ऑगस्ट

आज जे केलं ते लिहावंसं वाटत नाही. लिहितो.

ठमाबाई पनवेलला दुकानात आली. बाजाराची पिशवी घेऊन उभीच राहिली. "भावजी, तुमचा घोरना बंद झाला. भिंतीतून ऐकू नाय येत आता. काय केलात? आमचा जाम घोरतो. मधीच गप पडतो, आन मंग असा दचकून उठतो — पान्यातून वर आल्यासारखा. जेवता जेवता डोला लागतो त्याचा."

तंतोतंत माझाच आलेख. गावातले दोघे बाकावर बसले होते. कान टवकारून.

"दारू सोडली, वहिनी," मी म्हणालो. "म्हणून गेलं."

तिचा चेहरा पडला. "आमचा तर थेंब नाय घेत."

"मग वय. दुसरं काय!"

बाकावरचा एक म्हणाला, "बघ, काशिराम सुधारला!" मी हसलो. ती पिशवी उचलून गेली.

गोदूला कळलं तेव्हा ताट आपटलं तिनं. "मी सांगते जाऊन!"

"शब्द काढलास तर यंत्र नदीत टाकीन."

असं बोललो. बायकोला. जिनं वर्षानुवर्षं हलवून मला जिवंत ठेवलं, तिला.

आजार सांगायचा तर दारू खोटी होती हेही सांगावं लागेल. देवळात, माळ उतरत असताना खोटं बोललो. आता एक उघडलं की दुसरं उघडणार.

रविवार, २९ सप्टेंबर

गणपती गेले. सांगितलं नाही.

आरतीत विनायक टाळ हातात धरून डुलला. भिंतीला टेकला. पोरं हसली. मीही हसलो. मुद्दाम, जरा मोठ्यानं.

दिवाळी झाली की सांगेन.

बुधवार, १३ नोव्हेंबर

विनायककडे फराळाला. चेहरा सुजल्यासारखा दिसतो त्याचा. मला म्हणाला, "तू जाम तरतरीत झालास रे! सप्त्यापर्यंत कशाला थांबू? एकादशीला घालतो तुझी माळ." आणि करंजी हातात तशीच धरून त्याचा डोळा लागला.

जागा झाल्यावर सांगणार होतो. तोंडाशी आलं होतं. सून चहा घेऊन आली, तिच्यामागून पाहुणे. राहिलं.

रविवारी त्याला घरी बोलावतो. बोलण्यापेक्षा यंत्रच दाखवतो, नाकाला लावून. हसू दे हसला तर.

शनिवार, १६ नोव्हेंबर

विनायक रात्री झोपेत गेला.

अंगणात सगळ्यांच्या तोंडी एकच — "भाग्यवान! माळकरी मानूस, देवानं झोपेतच नेला." कशानं गेला ते कोणी तपासलं नाही. मलाही खात्रीनं म्हणता येणार नाही.

ठमाबाई मला बघून रडत म्हणाली, "घोरायचा थांबला, भावजी. मला वाटला, बरा झाला, आज तरी शांत झोपलाय."

गोदू तिच्याशेजारीच बसली होती.

मी म्हणालो, "शांतच गेला, वहिनी."