पाण्याच्या दिवशी सहल

२२ एप्रिल, बुधवार
काल रेखा आली. सोबत गजाननराव, चार बॅगा. दीड महिना राहणार म्हणे. आई अंथरुणाला खिळली होती त्या नऊ वर्षांत माझ्या या धाकट्या बहिणीला पुण्याहून चार दिवसांवर रजा मिळाली नाही. आई जाऊन दोन वर्षं झाल्यावर दीड महिना मिळाला. असो. आमटीत दोनदा मीठ पडलं, म्हणजे मला आनंद झाला असणार.
रे. म्हणाली, "ताई, घराची काय दशा केलीस गं! या उन्हाळ्यात सगळं नीट करून टाकू. तुझ्यासाठी."
घर बाबांनी दोघींच्या नावावर ठेवलंय. डागडुजी मात्र माझ्यासाठी.

२४ एप्रिल, शुक्रवार
रे.ला स्वेटर हवाय. डिसेंबरात लेकाकडे जर्मनीला जायचंय, फिरायला. गुलमंडीवर लोकर घेतली, मोरपंखी. दुकानदार माझ्याकडे आणि बाहेरच्या उन्हाकडे बघत राहिला. पाठीचे ११२ टाके घातले. कूलरमध्ये ओतायला पाणी नाही, घामानं लोकर बोटांना चिकटते.
रंगारी ठरला. रफिकभाई, शहागंजचे. माणूस सभ्य वाटला.
रे. म्हणते उद्या म्हैसमाळला जाऊ. म्हटलं, उद्या पाण्याचा दिवस. आठ दिवसांनी नळ येतो, तो सोडून या गावात कुणी सख्ख्याच्या लग्नाला जात नाही. पंचवीस वर्षं पुण्यात राहून विसरली. तर ग.राव म्हणाले, "तुम्ही बहिणी-बहिणी जा. पाणी मी भरतो." स्वतःचा पेला कधी विसळला नाही या माणसानं.

२५ एप्रिल, शनिवार
म्हैसमाळ. वारा. गाडी रे.नं चालवली. कड्यावर बसून चिवडा खाल्ला. गणिताच्या बाईंची नक्कल तिला अजून येते. पोट दुखेपर्यंत हसले. शेवटची कधी हसले होते अशी, आठवेना.
घरी ड्रम, टाकी, बादल्या काठोकाठ. ग.रावांबद्दल उगाच वाईट लिहिलं.

३ मे, रविवार
पैठण. ग.राव पाणी भरायला घरीच. धरणाच्या भिंतीवरून चाललो, रे.नं हात धरला होता. पण पुन्हा पाण्याच्याच दिवशी! दुसरा दिवस धर म्हटलं तर म्हणाली, "हाच बरा, रफिकभाईंना घर मोकळं मिळतं."
पाठ संपली. पुढचा भाग सुरू.

८ मे, शुक्रवार
गच्चीची गळती बंद केली. आईच्या खोलीत पंधरा वर्षं पाणी टपकत होतं, खाली परात मी ठेवायची. आता एका दिवसात काम झालं.
न्हाणीला फरशी बसली. मला करडी हवी होती, डाग दिसत नाहीत. ग.राव म्हणाले, "पांढरीच घ्या, उठून दिसते." कुणाला दिसायची? न्हाणीत मी एकटी जाते.
दोघींनी कुरडया घातल्या. निम्म्या रे. घेऊन जाणार.

११ मे, सोमवार
दौलताबाद. आजही पाण्याचा दिवस, आता बोलणं सोडलं. गुडघ्यामुळे मी खालीच बसले. रे. अर्ध्यातून परत आली, "तुझ्याशिवाय मजा नाही" म्हणे.
घरी येऊन बघते तर सुई विणकामातून ओढून काढलेली. तीसेक टाके सुटले, काही चार-चार ओळी खाली धावले. रंगाऱ्याचंच काम. उद्या बघते त्याला.

१२ मे, मंगळवार
रफिकभाईंना वाट्टेल ते बोलले. लोकांच्या वस्तूंना हात लावता, लाज नाही, असं काहीबाही. त्यांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला.
"आपा, मेरे हाथ को तो रंग लगा रहता. मैं लोकर को कायकू छूऊं? वो मॅडम उठाके देखे. उनो हर पानी के दिन आते ना, मियां-बीवी. गजानन साब उनको नलां खोल-खोल के दिखाते, कित्ता जोर से पानी आता. छत पे भी ले गये. आपको मालूम नै क्या?"
म्हटलं, मालूम है.
आणि स्वयंपाकघरात येऊन ओट्याला धरून उभी राहिले.
घर घेणारा या गावात भिंती नंतर बघतो, आधी नळ बघतो. म्हणून त्यांना पाण्याचाच दिवस लागायचा. आणि त्या दिवशी मी घरात नको, म्हणून म्हैसमाळ, पैठण, दौलताबाद. ग.राव पाणी भरत नव्हते, घर दाखवत होते. पांढरी फरशी कुणाला दिसायची तेही कळलं.
रफिकभाईंची माफीसुद्धा मागितली नाही.

१६ मे, शनिवार
रे.ला काही बोलले नाही. तीन दिवस क्रोशाच्या सुईनं टाके उचलले. आता हात घट्ट पडतोय, वीण आवळली जातेय. रे. म्हणाली, "मंगळवारी वेरूळला जाऊ?" मंगळवार म्हणजे एकोणीस. पाण्याचा दिवस. म्हटलं, जाऊ की.

१९ मे, मंगळवार
पहाटे अंगणातली फरशी सरकवून आतला मेन नळाचा कॉक बंद केला. बाबांनी बसवलेला. तो कुठे आहे हे आम्हा दोघी बहिणींनाच ठाऊक.
आठ वाजता गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. रे.चा चेहरा पडला. ग.राव फोन घेऊन अंगणात, पण ती मंडळी निघाली होती.
दहाला शेजाऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या. आमचे नळ कोरडे. ग.राव न्हाणीतून मोरीत, मोरीतून गच्चीवर, घर बघायला आलेले ते नवरा-बायको मागोमाग. "दर वेळी इतकं येतं हो! तुम्हीच बघितलंय!" मी खुर्चीत विणत बसले.
म्हटलं, "बसा ना. पाणी देऊ? अर्धा पेला चालेल?"
मॅडम स्वेटरकडे बघून म्हणाल्या, "हा तुमचा होय? तुम्ही इथंच राहता?"
"हो. अजून तरी."
"आम्हाला तर सांगितलं, घर रिकामंच असतं."
रे. खिडकीतून बाहेर बघत होती.
ते गेल्यावर आठ दिवसांचं पाणी तरी मिळावं म्हणून कॉक उघडायला गेले. आधीच उघडलेला होता. ड्रममध्ये पाणी पडत होतं आणि रे. शेजारी उभी राहून ओले हात पदराला पुसत होती. ग.रावांना तिनं काही सांगितलं नाही.

२० मे, बुधवार
शेवटी बोलणं झालं. जर्मनीला फिरायला नाही, राहायलाच जाणार. लेकाला तिकडे घर घ्यायचंय. "तुलाही लहानसा फ्लॅट घेऊ ताई, लिफ्टचा. एकटीनं एवढं आवरतं का तुला?"
आईला नऊ वर्षं एकटीनंच उचलत होते, तेव्हा लिफ्ट कुणाला आठवली नव्हती. हे तोंडावर म्हटलं. रडली. मी नाही.
घराचं दुःख आहेच. पण म्हैसमाळला मी हसले, त्याची मला जास्त लाज वाटते. विचारलंच तिला, "त्या सहलीही खोट्याच ना?"
"नाही गं. फिरणं खरं होतं. तुझी शपथ."
शपथ माझीच घेतली.

२७ मे, बुधवार
पाणी. कुणी कुठं गेलं नाही. सगळं रे.नं भरलं, मला बादलीला हात लावू दिला नाही.
रफिकभाईंचं काम संपलं. माफी मागितली. म्हणाले, "जाने दो आपा. घर अच्छा है. रंग दस साल नै उतरता." दहा वर्षं म्हटल्यावर मला हसू आलं, त्यांना वाटलं मी खूश झाले.
स्वेटरची एक बाही झाली.

४ जून, गुरुवार
पाणी आलं, भरलं. रे. दुपारी निघणार. बॅगा दारात, कुरडयांचा डबा वर.
त्या लोकांना कोरडा नळ बघूनही घर पसंत आहे. त्या मंगळवारी पाइपात हवा अडकली होती, असं रे.नं नवऱ्याला पटवलंय म्हणे. कागद टीव्हीशेजारी ठेवलेत. तिची सही झालीय. माझी जागा पेन्सिलीनं फुली मारून दाखवलीय, मी चुकेन म्हणून बहुतेक.
दुसरी बाही कोपराच्या खाली आलीय. मापाला तिला समोर उभी केली. हात बारीक झालाय तिचा, मनगटाचं हाड वर आलंय. लहानपणी रस्ता ओलांडताना हेच मनगट धरायचे.
बाहेर ग.रावांनी गाडीचा हॉर्न दिला.
"ताई," ती हळूच म्हणाली, "सहीचं काय करतेस?"
म्हटलं, "हात सरळ धर."