परत खोका

३ फेब्रुवारी
आजपासून मी गोदामाचा कारकून, आणि गोदामाचा रहिवासीही, कारण मालकांनी माळ्यावरची खोली देऊन टाकली. मोठी खिडकी, नळाला चोवीस तास पाणी, भिंतींना छतापर्यंत पांढऱ्या फरश्या. राहत्या खोलीला एवढ्या फरश्या कशाला ते कळलं नाही, पण पुसायला सोप्या. खाली लाकडी खोक्यांच्या थप्प्या. मुकादम बोलण्यात भारी काटकसरी, एका शब्दात काम सांगतात. जेवायच्या सुट्टीत शटर खाली येतं आणि सगळं शांत होतं. मुकादम मागच्या प्लायवूडच्या आडोशाला आडवे होत असावेत. ताईला फोन केला. ती नर्स आहे, तिचं कौतुकही औषधासारखं कडू असतं. टिकलास तर खरं, म्हणाली.

७ फेब्रुवारी
परवा जेवून हात धुतोय तोच आडोशामागून आवाज आला: खोका. ना अरे, ना अहो. नव्या माणसाने नखरे करू नयेत, म्हणून थप्पीतला एक भरलेला उचलून तिथवर नेऊन ठेवला. जरा वेळाने पुन्हा: परत खोका. आता हा परत न्यायचा, की परत एक आणायचा? मी आधीचा नेला आणि दुसरा आणला, म्हणजे दोन्ही अर्थ सांभाळले. संध्याकाळी मुकादम त्यावर चकार शब्द बोलले नाहीत. तरी आता रोज सुट्टीत हेच चाललं आहे.

१५ फेब्रुवारी
उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ आली आहे. उभा राहिलो की येते, आडवा झालो की जाते. दुखत नाही, नुसतं ओढल्यासारखं वाटतं. ताईने फोनवर शाळाच घेतली. म्हणे हर्निया. पोटाच्या स्नायूंना फट पडते आणि आतलं आतडं तिथून डोकावतं. गोळ्यांनी फट बुजत नाही, पट्टा बांधून नुसतं मनाचं समाधान. ऑपरेशनच करावं लागतं, एक तर छेद देऊन, नाहीतर दुर्बिणीतून, आणि बहुधा फटीवर जाळी बसवतात, फाटक्या सदऱ्याला ठिगळ लावतात तशी. गाठ आत जातेय तोवर तारीख घेऊन करता येतं. पण ज्या दिवशी ती आत जाणार नाही, कडक होईल, दुखेल, उलटी होईल, त्या दिवशी तडक हॉस्पिटल, कारण अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि माणूस हातचा जातो. ओझी उचलू नको, खोकला अंगावर काढू नको, असंही बजावलं. मी म्हटलं, अगं, खोकी उचलणं हीच तर नोकरी.

१९ फेब्रुवारी
आज सर्जनकडे गेलो. त्यांनी उभं केलं, गाठीवर हात ठेवला, मान वळवायला लावली आणि म्हणाले: खोका.
मी वेड्यासारखा खोलीत खोका शोधू लागलो. ते हसले आणि खोकून दाखवा म्हणाले. आडोशामागचा शब्द हाच, सूरही हाच. मुकादम तर मला अरे-तुरे करतात. मी इतके दिवस लाकूड वाहत होतो, आणि तिथे कोणी लाकूड मागतच नव्हतं.
मग सर्जनांनी विचारलं, आधी दुसरीकडे तारीख ठरली होती का? ऑपरेशनची बाजू चुकू नये म्हणून पेनाने बाण काढतात, तसा निळा बाण माझ्या मांडीवर होता. तो मी काढलेला नाही. सोमवारी ऑपरेशन ठरलं.

२० फेब्रुवारी
मुकादमांना विचारलं. सुट्टीत ते कधीच आत नसतात. बाहेरून कुलूप लावून घरी जातात. आडोशामागे कोणी नसतं.
पूर्वी इथे दवाखाना होता, म्हणाले. डॉक्टरांनी एका बाईची गाठ तपासली, एकदाच खोकायला लावलं, काही नाही म्हणून घरी पाठवलं. आतडं अडकलं होतं. ती गेली. मग डॉक्टर दिसेल त्याला तपासत सुटले. परत खोका, परत खोका. शेवटी ऑपरेशनच्या खोलीतच त्यांनी प्राण सोडला. कुठली खोली, मी विचारलं. मुकादमांनी माळ्याकडे पाहिलं.
पांढऱ्या फरश्या.
मला भीती वाटते आहे. उद्या ताई न्यायला येते आहे.

२१ फेब्रुवारी
सामान बांधायला वर आलो आणि जेवायच्या सुट्टीचं शटर खाली आलं. कुलूप बाहेरून. मुकादम फोन उचलत नाहीत. ताई वाटेत आहे.

गाठ आत जात नाही. आडवा होऊनही नाही. दगडासारखी. उलटी झाली. ताई फोनवर म्हणाली, हलू नको, खोकू नको, कुलूप तोडते—

जिन्यावर पावलं. ताई नाही. ताई अजून बाहेर आहे.

खोका.

उत्तर दिलं नाही.

परत खोका.

गाठीवर हात. गार. दिसत कोणी नाही— माझ्या खोकण्याची वाट बघतो आहे—

खाली घणाचे घाव. ताईची हाक. हादऱ्यांनी खोक्यांतला भुसा उडून वर येतोय. तोंड दाबून धरलंय—

पोटावर पेन. या वेळी बाण नाही. रेघ. लांब. ओली आहे आणि शाई निळी नाही—

घशात भुसा— ताई, लवकर— मी खोकणार नाही, मी नाही, खोक