मुलाची भूमिका

मंगळवार, दुपार

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, फक्त आज ते दातओठ खाऊन देते आहे. माझी कंबर बरी आहे, स्वयंपाकघरातला नळ गळायचा थांबला. झाली खुशाली. फोन तू उचलत नाहीस आणि तुझ्या खोलीत आले की तुला नेमका राउंड आठवतो, म्हणून लिहिते आहे.

माझ्या हाताखाली शिकणाऱ्या त्या मुलीला काल तू भर वॉर्डात, नर्सेससमोर, 'पेशंटच्या जिवावर उठलीस' म्हणालास आणि हाकलून दिलंस. कॅन्सर विभागाचा प्रमुख म्हणून तुला ते शोभलं असं वाटत असेल. शोभलं नाही. ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मरणाऱ्या माणसाजवळ कसं बसायचं, हे मी या तरुण डॉक्टरांना शिकवते आणि तू वर्षानुवर्षं त्याला 'ताईचा रडायचा क्लास' म्हणत आलास. म्हण. पण त्या क्लासात काय चालतं हे एकदा तरी येऊन बघितलं असतंस, तर काल एवढी शोभा झाली नसती. आमच्याकडे एकजण डॉक्टर होतो, दुसरा पेशंट, कधी पेशंटचा नातेवाईक. अवघड बोलणं आधी आपसात बोलून बघायचं. पोरं सुरुवातीला हसतात. मग एखादा मध्येच गप्प होतो. मी त्याला पुन्हा पहिल्यापासून बोलायला लावते.

काल तू दारातून एवढंच ऐकलंस: ती बाबांच्या, म्हणजे तुझ्यामाझ्या बाबांच्या, पलंगाजवळ खुर्ची ओढून बसली होती आणि म्हणत होती, 'मग औषधं बंद करायची? घरी जायचं?' पुढचं ऐकलं नाहीस. मागचंही नाही. बाबांना उपचार सोडायला ती भरीस घालतेय, असं ठरवून मोकळा झालास.

अरे शहाण्या, ती तुझी भूमिका करत होती!

हे मला तिने सांगितलं नाही. बाबांनी 'कुणाला सांगू नकोस' म्हटलं होतं, म्हणून तिने तो सगळा पाणउतारा मुकाट्याने गिळला, माझ्यापाशीही तोंड उघडलं नाही. आज सकाळी बाबांनीच सांगितलं, चोरी पकडली गेल्यासारखी मान खाली घालून. त्यांनी तिला विचारलं होतं, 'तुम्ही लोक वाईट बातमी कशी सांगता गं? मला शिकव. मला माझ्या मुलाला सांगायचंय.' मग क्लासात करतात तशी ती तू झाली आणि बाबा तुला सांगायचं ते आधी तिला सांगून बघत होते.

कळतंय का तुला? त्यांना सगळं ठाऊक आहे. तू 'एवढा एक डोस झाला की फिरायला जाऊ' म्हणतोस, ते मान डोलावतात, सुया टोचून घेतात, उलट्या काढतात. स्वतःसाठी नाही. 'तो एवढा धडपडतोय, त्याला नाही कसं म्हणू?' असं म्हणाले. तुला वाईट वाटू नये म्हणून तो माणूस तुझी औषधं घेतोय! आणि तुला वाटतंय, तू त्यांना वाचवतोयस.

सख्ख्या बापावर आपण उपचार करू नयेत, हे मी सुरुवातीलाच सांगितलं होतं. 'मग काय परक्याच्या हाती सोपवू?' म्हणून माझ्यावरच खेकसलास. जाऊ दे. जाऊ दे म्हणते, पण जात नाही डोक्यातून.

त्यांना घरी जायचंय. आपल्या खिडकीजवळच्या पलंगावर पडायचंय आणि तुझ्याशी बोलायचंय, गळ्यातला स्टेथोस्कोप काढून ठेवलेल्या तुझ्याशी. वेळ फार नाही. रिपोर्ट तू बघतोस, तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

त्या मुलीची माफी माग, आणि ज्यांच्यासमोर बोललास त्यांच्यासमोरच माग. नाही मागितलीस तर मी डीनकडे जाईन, भाऊबीऊ बघणार नाही. पण ते उद्या केलंस तरी चालेल. आज संध्याकाळी बाबांकडे जा. फाइल नेऊ नकोस. नुसता बस. ते बोलतील. मध्ये तोंड घालू नकोस, नवीन डोस सुचवू नकोस, रडू आलं तर रड.

मी निघताना त्यांनी विचारलं, 'त्या पोरीने मुलगा होऊन शेवटी माझा हात धरला. तो धरेल का गं?'

मला 'हो' म्हणता आलं नाही.

तुझ्यावर रागावलेली, तुझीच
ताई