नाल्यावर लावलेले गोळे

२६ मार्च २०२२

चि. अश्वजितले आजीचा जयभीम.

मी बरी आहो. गुडघे बरे नाई, पण ते आता मेल्यावरच बरे होतीन. रीनाचं बाळ दूध पेते, हगते, झोपते. मामावर गेलं दिसते. रीना तुयी आतेबहीण, पण तिच्या या सासरच्या गावात तुया नावाचं एक अक्षर ती तोंडातून काढत नाई. मेव्हणा पोलिसात आहे हे कळलं तं जंगलातले बंदूकवाले जावई मास्तराले शाळेतून उचलून नेतीन. म्हणून त्या दिवशी बाजारात तू मले पाहून मान फिरवली, ते बरं केलं. पण फिरवताना दात काऊन काढले? असा हसशीन तं आंधळ्यालेही नातं दिसन.

बारीक झाला तू. ठाण्यात भात देतात का नुसता चहा?

डबा निशा नर्सबाईजवळ देऊन राह्यली. वर मोहाचे लाडू, खाली चिठ्ठी. वाचून चुलीत टाक. अक्षर पाहून हसू नको, मी तिसरीतूनच बकऱ्या राखाले निघाली होती.

आता कामाचं. मागं सुट्टीत आला तेव्हा जेवता जेवता तू ताटात भाताचं ठाणं केलं होतं. मिरची म्हणजे मशीनगन. म्हणे, "आजी, जंगलातले तार तोडून आत घुसाले लागले का साहेब लाल गोळा आभाळात सोडते. मंग कोणी नेम धरत नाई, कोणी इकडेतिकडे पाहत नाई. ज्याच्या त्याच्या ठोकलेल्या खुंट्याच्या रेषेत गोळ्या सरेपर्यंत चालवत राहाचं. आखरी फायर." अन् नाला खोल, तिथी मशीनगनची गोळी पोचत नाई, म्हणून त्याच्यावर मोर्टारचे गोळे आधीच पाडून पाहिले, खुंटे ठोकून नेम तिथीच लावून ठेवला. मोर्टार तुयाकडे आहे, हे तं छाती फुगवून सांगतलं. मी म्हटलं, भात खा, खेळू नको.

मले का मालूम तो नाला कोणता!

होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमी मोहफुलं वेचून राह्यलो होतो. डोंगराकडून फटाफट आवाज आले. बायांनी टोपल्या तिथीच टाकल्या. मी म्हटलं, "कुठी पळता वं?" रीना म्हणे, "नाल्यात, आजी. सारं गाव तिथीच जाते." म्हातारे, लेकरं, शेळ्यासुद्धा. खाली रेतीत बसलो. वर पाहिलं तं काठापलीकडे तुमचं ठाणं. समोर येनाच्या दोन झाडायचे शेंडे उडालेले. रेतीत पावसानं अर्धे बुजलेले खड्डे, अन् त्या खड्ड्यांत बसून लेकरं घर-घर खेळत होती.

गोळी वरून निघून जाते म्हणून गाव नाल्यात बसते. गोळी वरून निघून जाते म्हणूनच तुमी तिथी गोळे लावले. दोघायचंही डोकं चांगलं चालते.

मी गावात उठवून पाहिलं, नाल्यात अस्वल आहे म्हणून. बिरजू पाटील, इथला म्हातारा, म्हणे, "बाई, बंदुकीपेक्षा अस्वल बरं. दगड मारला तं जाते तरी."

"मंग शाळेत बसा. भिंती पक्क्या आहेत."

"शाळेत आधी बंदूकवालेच येऊन बसतात."

"अन् ते खड्डे?"

"तो पोलिसायचा सराव होता, बाई. झाला." मंग डोळे बारीक करून म्हणे, "तुले काऊन एवढी काळजी? कोणी सांगतलं का काही?"

मी म्हटलं, "माये गुडघे सांगतात. उतार गंज मोठा आहे." तो हसला नाई.

खरं सांगता येत नाई. गावाले सांगतलं तं सांजेपर्यंत जंगलात पोचते. ते नाला सोडून दुसरीकडून येतीन अन् तू मरशीन. नाई सांगतलं तं हे मरतीन. घास तोंडात धरून बसली आहो, ना गिळता येते, ना थुकता.

लिहू का नको, लिहू का नको करत होती. परवापासून जंगलातले घरोघरी तांदूळ मागून राह्यले. रीनानंही दिला, नाई कसं म्हणन? गावात कोणाचं लग्न नाई, कोणाची तेरवी नाई. बायांले सांगतलं, दोन-चार दिवस पहाटे झाडाखाली जाऊ नका, फुलं पडू द्या. पडलेलं मोहफूल कोणी सोडते का? अन् नर्सबाई सोडून गावातून कोणी बाहेर निघाचं नाई, असाही निरोप आहे. नाई तं रीनाले घेऊन मी कालच निघाली असती.

तू समज. मले याच्यापुढं लिहाले लावू नको.

साहेबाले सांग. आजीजवळ सारं बडबडला होता, हेही सांगावं लागन. नोकरी जाईन. जाऊ दे. धान रोवता येते तुले. वाकडं रोवतो, पण येते. गोळ्यायचा नेम नाल्यातून काढा, काठाच्या वर तुमच्या तारेजवळ घ्या. कुठी घ्याचा ते तुमी शिकलेले, मी काय सांगू?

रीनाले मी काही बोलली नाई. आवाज झाला का ती बाळ घेऊन नाल्यातच पळन. तिले अडवलं तं गाव विचारन काऊन. अन् तिले तिकडं पाठवून मी घरात बसन, एवढं मायाच्यानं होत नाई.

म्हणून मीही जाईन. बाळ माया मांडीवर असन. मोर्टारले हात लावशीन तेव्हा आमी कुठी आहो, हे तुले मालूम पायजे.

आजच्यापुरती घरात असलेली,
तुयी आजी