सात पानांची मंजुळा

३ मार्च २०१३, रविवार

सारजा गेली! टेम्पोत दोन म्हशी, त्यांतल्या एकीची वगार, पिठाची पोती, स्टोव्ह आणि मधोमध पालथ्या पाटीवर बसलेली आमची बायको. चारा छावणी इथून चौदा किलोमीटर. आता पाऊस पडून गवत उगवेपर्यंत तिचा मुक्काम तिथंच. छावणीत पुरुषांनी राहायचं अन् बायकांनी घर सांभाळायचं, अशी गावाची रीत. पण म्हशी मला हात लावू देत नाहीत. सत्तावीस वर्षं दूध संस्थेचा सेक्रेटरी होतो, गावचं सगळं दूध डोळ्यांखालून गेलं आणि धार काढता येत नाही! शेजारची कडूबाई भिंतीवरून म्हणाली, "आता थापा भाकरी, सेक्रेटरी!"

जाताना घराचं काही सांगितलं नाही तिनं. पीठ कुठं, मीठ कुठं — काही नाही. फक्त परसातल्या गुलाबांचं. "बाकीचे चार गेले तर जाऊ द्या. मंजुळेला तेवढं जगवा."

मंजुळा म्हणजे कोपऱ्यातला गावठी गुलाब. म्हशींची नावं भुरी आणि चंद्री, तसं झाडालाही एक नाव ठेवलं असणार. एकतीस वर्षं ऐकतोय.

संस्थेची एक कोरी वही घरी राहिली होती. तीच ही. बोलायला कुणी नाही म्हटल्यावर लिहायचं.

५ मार्च

इतकी वर्षं परसात फक्त तोंड धुवायला जात होतो. आज नीट बघितलं. चार कलमी गुलाब — लाल, पिवळा, गुलाबी, आणि चौथ्याचा रंग मला माहीत नाही, सध्या फूल नाही त्याला. सगळे हायवेवरच्या सिदूच्या रोपवाटिकेतले. पाचवी मंजुळा.

एक गंमत सापडली. कलमींच्या एका देठाला पाच-पाच पानं. मंजुळेच्या देठाला सात! पंधरा देठ मोजले. सात म्हणजे सात. का बरं? माहीत असणारं माणूस छावणीत. लिहून ठेवतो.

आणि भोवती लसूण लावलाय. गुलाबाला लसणाचं काय काम?

८ मार्च

फोन केला. लसूण कशाला?
"वासानं माव्याची कीड येत न्हाई."
अन् शेपू?
"शेपूच्या फुलावर ते टिपक्याचे किडे येत्यात. ते मावा खात्यात."
अन् झेंडू?
"मुळाच्या किड्याला. ठिवा आता, धार काढायचीय."

बाई एवढं सगळं जाणते! एकतीस वर्षांत माझ्याशी एवढं सलग कधी बोलली नव्हती. की मीच विचारलं नव्हतं? फोन ठेवता ठेवता म्हणाली, "मंजुळा कशी हाय?" ठणठणीत, म्हणालो. होतीच.

१० मार्च

टँकर चार दिवसांनी येतो. घरटी दोन टिपाडं पाणी. एका माणसाच्या आंघोळीच्या पाण्यात पाच गुलाब भागत नाहीत. काल तांब्यानं चांगलं पाणी घालत होतो तर कडूबाईनं बघितलं. "माणसं घागर घेऊन पळायलीत अन् तुमी फुलाला पाजा!" लागलं मनाला. खोटं थोडंच होतं.

पण आज डोकं चाललं! संस्थेत रोज सकाळी दुधाचे कॅन धुतात, ते पांढुरकं पाणी नालीत जातं. कुणी पीत नाही, जनावर तोंड लावत नाही. वर दुधाचा अंश — झाडाला पौष्टिकच की! आप्पाराव आता सेक्रेटरी आहे, माझ्याच हाताखाली शिकलेला. म्हणाला, "न्या की, काका. वाहूनच जातंय."

रोज दोन बादल्या. दोन्ही मंजुळेला, लाडकी म्हणून. बाकीच्या चौघांना माझ्या आंघोळीचं. आता बोल म्हणावं कडूबाईला!

१९ मार्च

प्रयोग केला. गुलाबी गुलाबाभोवतीचा लसूण उपटला. (चटणीही झाली, खोटं कशाला बोलू.) आठ दिवसांत शेंड्यावर हिरवा मावा, बोटाला चिकटतो. लसूण असलेल्या लालवर एकही नाही. म्हणजे सारजा बरोबर! वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मला अभ्यासाचा नाद लागलाय. शाळेत लागला असता तर कुठल्या कुठे असतो.

२६ मार्च

मंजुळेची पानं पिवळी पडायलीत. शिरा हिरव्या, मधलं पान पिवळं. सगळ्यात जास्त पाणी तिला, सगळ्यात वाईट तीच. हे काय गणित? एक बादली वाढवली.

३० मार्च

कडा करपल्या. मातीवर पांढरी पापडी. पान आणि मूठभर माती रुमालात बांधून चौसाळ्याच्या अलीकडं सिदूकडं गेलो. त्यानं माती बोटावर घेऊन चाटली. थुंकला. "काका, ही माती हाय का साबण? पाणी कुठलं देता?"

सांगितलं. हसला नाही. ते जास्त लागलं.

"कॅन कशानं धुत्यात?"

धुण्याच्या सोड्यानं. दोन मुठी टाकून. दुधाला वास येतो म्हणून संस्थेत हा नियम कुणी घातला? मी. ठराव माझा, अक्षर माझं.

निघताना सिदूनं आणखी एक शिकवलं. गुलाबाचं कलम जंगली खुंटावर बांधतात. वरचा गुलाब मेला की खालून जंगली फुटतो. "पाच पानं म्हंजी आपला. सात पानं म्हंजी जंगली. मोडून टाकायचं, दया करायची न्हाई."

४ एप्रिल

मंजुळा वाळली. नखानं साल खरवडली — आत तपकिरी. दुसरी फांदी, तिसरी. सगळ्या. वाळक्या फांद्या कापल्या, वीतभर खोड ठेवलं. सोडायला जीव होईना.

७ एप्रिल

छावणीत गेलो. पत्र्याखाली सारजा शेण भरत होती. काळवंडलीय. पहिला प्रश्न तोच. "मंजुळा कशी हाय?"

"झकास."

"कळी धरली का?"

"धरली." — हे कुठून आलं माझ्या तोंडात! तिचा चेहरा असा उजळला की मला तिथं उभं राहवेना. पाण्याचं निमित्त काढून टँकरमागं जाऊन उभा राहिलो.

११ एप्रिल, पाडवा

खोडाच्या बुडातून, मातीतून, कोंब आला! धावलो. चष्मा लावला, पानं उलगडून मोजली. सात.

जंगली. मोडला.

वाईट वाटलं. पण ज्ञान ते ज्ञान. पूर्वीचा मी असतो तर जंगली झाडाला वर्षभर पाणी घालत बसलो असतो.

१९ एप्रिल

आणखी एक. सात. मोडला. कडूबाई बघत होती. "हिरवं कावून मोडता?" तिला कलम, खुंट सगळं समजावून सांगितलं. म्हणाली, "सेक्रेटरी, तुमी लई शिकलात."

२४ एप्रिल

तिसरा. बारीक, दोऱ्यासारखा. मोडला. जंगली जात भलतीच चिवट!

२९ एप्रिल

सारजाचा फोन. शेजारच्या दावणीची बाई एक दिवस म्हशी बघते म्हणतेय. मे अखेरपर्यंत एखाद दिवस घरी येईन म्हणाली. "मंजुळेचं फूल बघून जाते."

झोप उडाली. कळी धरलीय, फुलेल, गळेल — किती खोटं बोलणार?

मग सुचलं. हा गुलाब तिनं माहेराहून आणलाय. चकलांब्याहून. मूळ झाड तिथं असणारच! त्याची एक काडी आणायची, लावायची. ओळखू येणार नाही असं नाही, पण तीच जात तर असेल.

३ मे

चकलांब्याला जाऊन आलो. आजच लिहितो.

सारजाचा भाऊ वारला, घरी त्याची बायको, मुक्ताबाई वहिनी. मला बघून दचकल्याच. "दाजी? सगळं बरं हाय नव्हं?" म्हणालो, बरंय, तुमच्या अंगणातल्या गुलाबाची काडी पाहिजे.

"आमच्या अंगणात कुठला गुलाब? कधीच नव्हता."

मी म्हणालो, सारजानं इथूनच आणलाय, एकतीस वर्षांपूर्वी. मंजुळा म्हणते त्याला.

वहिनी खालीच बसल्या. म्हणाल्या, "तुमाला सांगितलंच न्हाई व्हय तिनं?"

आमची पहिली मुलगी तिथंच झाली, पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून. नऊ दिवसांची होऊन गेली. बारशाला जायचं म्हणून मी बसून होतो, आणि निरोप आला तो हा. चौथ्या दिवशी पोचलो. म्हणजे मी तिला पाहिलीच नाही. सारजाच्या समोर बसलो, काय बोलायचं कळेना, दुसऱ्या दिवशी परत आलो — दूध संकलन अडलं होतं म्हणून. अडलं काही नव्हतं.

वहिनींनी सांगितलं. तान्ह्या लेकराला पुरतात, वर काटेरी फांद्या टाकतात, कोल्ह्या-कुत्र्यानं उकरू नये म्हणून. सगळे बाभळीच्या टाकतात. सासरे बाभळ तोडायला गेले आणि तसेच परत आले. "एवढ्याशा अंगावर बाभळीचा काटा कसा टाकू, म्हणले. मग माळ्याच्या वावरातून गुलाबाच्या फांद्या आणल्या. काटा बी झाला अन् टोचणार बी न्हाई, म्हणले."

श्रावण होता. त्यातली एक फांदी फुटली. सारजा रोज जाऊन बसायची. सव्वा महिन्यानं सासरी निघाली तेव्हा ती काडी मुळासकट काढून डब्यात लावली.

तो डबा मला आठवतो. डालड्याचा. एस.टी.तून उतरली, मांडीवर डबा. मी म्हणालो होतो, "हे आणि कशाला ओझं?"

"अन् नाव?" मी विचारलं.

"बारसं कुठं झालं? पण तिनं पाचवीलाच ठिवलं व्हतं. कानात सांगितलं व्हतं पोरीच्या. मंजुळा."

येताना वहिनींनी बांधून दिलेली भाकरी गेवराईच्या स्टँडवर सोडली, तशीच बांधली. म्हणजे एकतीस वर्षं रोज सकाळी ही बाई परसात आपल्या लेकीला हाक मारत होती आणि मी चहा कुठाय म्हणून ओरडत होतो.

४ मे

पहाटे एकदम उठलो. माळ्याच्या वावरातली नुसती काडी! मातीत खोचलेली. म्हणजे कलम नाही. खुंट नाही. खाली जंगली काही नाहीच!

वही उघडली. ५ मार्च. माझंच अक्षर — "मंजुळेच्या देठाला सात. सात म्हणजे सात."

तीन कोंब. तिन्ही तिचेच होते. तीन वेळा फुटून आली आणि तीन वेळा मी मोडली.

अरे गाढवा. अरे शिकलेल्या गाढवा!

५ मे

खोडाभोवतीची पापडीची माती काढून टाकली. हातानं, कुदळ नको. जुनं शेणखत घातलं. आंघोळ बंद. माझ्या वाटणीचं पाणी तिला, तांब्यातांब्यानं.

कडूबाईनं विचारलं काय झालं. सांगितलं सगळं. ती परसात आली आणि खोडाभोवतीचे खडे वेचायला बसली.

८ मे

काही नाही.

९ मे

कडूबाईनं भांड्याचं पाणी आणून दिलं. ती राखेनं भांडी घासते, राख सोड्याचीच बहीण. नको म्हणालो. मला वाटलं चिडेल. दुपारी तांदूळ धुतलेलं पाणी घेऊन आली, वाटीभर. "ह्यात काय न्हाई. घाला पोरीला."

१२ मे

काही नाही. बेचाळीस डिग्री. वरून जुन्या धोतराची सावली केली. काठीला बांधताना एक काटा बोटात गेला. राहू दिला थोडा वेळ.

१५ मे

काही नाही. चौघं कलमी मात्र टवटवीत! चौथा फुलला. पांढरा निघाला.

१८ मे

बोटानं माती बाजूला केली तर तांबूस टोक. गव्हाच्या दाण्याएवढं. पुन्हा झाकलं. पुन्हा उघडून बघितलं. झाकलं. दिवसभरात सहा वेळा परसात गेलो. शेवटी कडूबाई म्हणाली, "नजर लागंल. बसा की आता एका जागी."

२१ मे

दोन देठ उलगडले. मोजले नाहीत.

मोजले. सात-सात.

२२ मे

सारजाला फोन लावला. सोडा, वाळलेल्या फांद्या, खोटी कळी, सगळं सांगायचं मनात ठरवून. ती नेहमीप्रमाणे आधीच म्हणाली, "मंजुळा कशी हाय?"

म्हणालो, "वाळली होती, माझ्या हातानं. पुन्हा फुटलीय. आपली पोरगी चिवट आहे."

तिकडं म्हशींच्या घंट्या वाजत होत्या. मग म्हणाली, "वैनीकडं गेलते व्हय तुमी?"