उपवासाचं दळण

१८ फेब्रुवारी, बुधवार

भस्म बुधवार. सकाळच्या उपासनेत कपाळाला राख लावून घेतली आणि थेट गाळ्यावर. दुपारपर्यंत चौघींनी सांगितलं, "मावशी, कपाळाला काहीतरी लागलंय." गिरणीवालीच्या कपाळाला पीठ असायचं, हिच्या राख कशी, असा सगळ्यांचा चेहरा. सांगितलं एकीला, आमचे उपवासाचे दिवस सुरू झाले. "तुमच्यात पण असतंय व्हय?" असतंय.

चर्चमध्ये सगळे विचारत होते, लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरपर्यंतच्या चाळीस दिवसांत, काय सोडणार. कुणी मटण, कुणी चहा, मंडळीतल्या लिलीने मोबाईल (बघू किती दिवस). मी बोलले नाही, पण ठरवलं आहे. गिरणीवरचं खोटं सोडायचं. म्हणजे "दहा मिनिटांत होतंय", "तुमचंच लावलंय आता", "लाइट गेली होती". ईस्टरपर्यंत एकही नाही.

ह्यांना सांगितलं. हसून म्हणाले, "मग गिरणीच बंद करावी लागेल."

२१ फेब्रु., शनि.

सोसायटीतल्या पाटीलबाईंची बाजरी राहिली. आल्या. तोंडातून "लाइट" एवढं आलंच होतं, गिळलं. म्हटलं, "विसरले." बाई बघतच राहिल्या. विसरणारी गिरणीवाली त्यांना चालेना, लाइट गेलेली चालली असती. डबा उचलून शेजारच्या नेरे गावातल्या गिरणीत गेल्या.

पहिल्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक गेलं. प्रभू, ही नोंद तुझ्याकडेही असू दे.

२६ फेब्रु., गुरु.

लाइट नाही, गुरुवारची जातेच. शेवंताकाकी येऊन स्टुलावर बसली. गाळा तिच्या नावावर, मागचं घर तिचं, समोरच्या तीन मजल्यांच्या खोल्याही तिच्याच. पण अजून स्वतः डबा डोक्यावर घेऊन येते आणि दळण होईपर्यंत उठत नाही.

उद्या एकादशी. तिचं दळण कालच करून ठेवलं होतं, भगर, साबुदाणा, राजगिरा. तिचा थोरला, दत्ता, मोटारसायकलवरून पडून मरता मरता वाचला, तेव्हापासून तिने एकादशी धरली ती आजवर मोडलेली नाही. बाळंतपणं, मयती, स्वतःचा डेंग्यू, काही झालं तरी. म्हणून तिच्या दळणाला मी जपते. रोज संध्याकाळी गिरणी उघडून आतून झाडते, म्हणजे सकाळचं पहिलं दळण उपवासाचं. त्यातही आधी मूठभर भगर फिरवून बाजूला काढायची. त्यानंतर गहू, मग बाकी सगळं. मारुंजीत उपवासाचं दळण आमच्याकडे येतं ते ह्यासाठीच. ख्रिश्चनाची गिरणी असून, असं कुणी कुणी म्हणतं. त्याचा मला राग पण येतो आणि बरं पण वाटतं.

काकी म्हणाली, "दत्ताच्या मनात हितं कुनाला तरी मोबाईलचं दुकान टाकू द्यायचंय. मार्चअखेर करार संपतूया न्हवं तुमचा. पन मी हाय तवर तू हाय."

करार संपतो हे माहीत होतं. दत्ताच्या मनातलं माहीत नव्हतं.

८ मार्च, रवि.

चर्चमध्ये पाळकसाहेबांच्या प्रवचनाचा विषय होता साक्ष. जगापुढे साक्ष द्या. मी मागे बसून विचार करत होते की जग म्हणजे माझ्यासाठी डबे घेऊन उभ्या बायका, त्यांच्यापुढे काय देऊ, वजन बरोबर देते.

लिलीने मोबाईल परत धरला आहे. माझं मात्र चालू आहे. एकदाच घसरले, मंगळवारी, "बसा, आलंच" म्हणून. येणार नव्हतं. नंतर बाईच्या मागे जाऊन सांगितलं की अर्धा तास लागेल. मला वेडी म्हणाली असेल.

१४ मार्च, शनि.

उद्या एकादशी, रविवारी आपलं बंद, म्हणून सगळं आजच. काकीचा डबा पहिला लावला. मग गहू, मग डाळींचे. पाय दुखताहेत. काकी जाता जाता म्हणाली, "तुजा बी उपासच चाललाय न्हवं? उद्या थालपीट धाडते."

१५ मार्च, रवि.

कसं लिहू.

चर्चहून आलो तर काकीच्या सुनेने ताटली दिलेली. दोन थालीपिठं, वर लोणी. गरम होती. एक ह्यांना, एक मी. खाताना हे म्हणाले, काल मेसवाला भेटला, पिठाबद्दल खूश होता.

"कुठलं पीठ?"

तर शुक्रवारची सिक्युरिटीची रात्रपाळी करून शनिवारी पहाटे हे परत येताना समोरचा मेसवाला शटरपाशी उभा. मुलांच्या पोळ्यांना पीठ नाही. ह्यांनी किल्ली लावली, त्याचे गहू दळून दिले, खालची फरशी झाडली, कुलूप लावलं, घरी येऊन झोपले. सकाळी मी गेले तर सगळं जिथल्या तिथे. मी समजले, शुक्रवारी संध्याकाळी झाडलेलीच आहे. मूठभर भगर फिरवली, पण गिरणी आतून उघडली नाही.

म्हणजे काकीच्या पिठात गहू गेला. आणि तेच पीठ माझ्या तोंडात होतं.

उरलेलं अर्धं थालीपीठ तसंच आहे. टाकवत नाही, खाववत नाही.

१६ मार्च, सोम.

भांडण. म्हणजे मी भांडले, हे समजावत होते.

ह्यांचं म्हणणं: तिने उपवास श्रद्धेने धरला, श्रद्धेने सोडला. तिच्या देवापाशी तो लागला. आता सांगून तू तिचं काय भलं करणार? तुझं मन हलकं होईल आणि तिचं जड. शिवाय पंधरा दिवसांवर करार.

करारावर मला बोलता आलं असतं. पहिला मुद्दा मात्र लागला. दिवसभर तेच डोक्यात. खरंच, मी माझ्या लेंटच्या नेमासाठी सांगते आहे का? म्हातारीच्या जिवावर मी शुद्ध राहायचं, असं तर नाही ना?

संध्याकाळी ताटली घेऊन निघाले. ओट्यावर दत्ता बसला होता. परत आले. भित्री.

१७ मार्च, मंगळ.

सकाळी प्रार्थनेत एक गोष्ट सरळ झाली. पुढची एकादशी येईल, काकी डबा आणेल, "मार्थाच्या गिरणीतलं चालतंय मला" म्हणेल आणि मी मान हलवेन. ती मान हलवणं म्हणजेच खोटं. आणि ते ईस्टरला संपणार नाही, दर पंधरा दिवसांनी करावं लागेल. ठरलं.

रिकामी ताटली कशी द्यायची, म्हणून भुईमुगाच्या शेंगा घातल्या. टरफलासकट, पिठाचा हात लागला अशी आणखी शंका नको.

काकी एकटी तांदूळ निवडत होती. उभ्याउभ्याच सांगितलं. "काकी, शनिवारी तुमच्या दळणाआधी गिरणीत गहू दळला गेला होता. मी आतून उघडून पाहिली नाही. तुमच्या पिठात गहू गेला आहे."

"किती?"

"चिमूटभर असेल. पण गेला."

"तुला कवा कळलं?"

"रविवारी. तुमचं थालीपीठ खाताना."

"आन् आज सांगतीस."

"काल आले होते. धीर झाला नाही."

तिने सूप मांडीवरून खाली ठेवलं. मग म्हणाली, "तू सांगितलं नसतं तर माजा उपास ऱ्हायला असता."

ह्यांचंच वाक्य. मी काहीतरी बोलले, की तुमचं पुढचं दळण मी कुठल्या तोंडाने घेतलं असतं. तिने ऐकलं की नाही कळलं नाही. ताटली घेऊन आत गेली, ती बाहेर आलीच नाही. मी ओट्यावर थोडी थांबले आणि आले.

रडले. पण सांगितलं ते बरोबर सांगितलं, असं आत्ताही वाटतं आहे.

१९ मार्च, गुरु.

पाडवा. दरवर्षी काकीकडून श्रीखंडाची वाटी येते. वाट बघायची नाही म्हणत बघितली.

२१ मार्च, शनि.

डबे निम्म्यावर. बातमी मारुंजीभर झाली. एक बाई डबा ठेवून परत उचलून घेऊन गेली, "घरी आहे म्हणतात पीठ." तिला खोटं बोलताना बघून मला तिची कीव आली. महिन्यापूर्वी मी ह्यात तिच्यापेक्षा तरबेज होते.

दुपारी दत्ता आला. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "तुमाला काय फरक पडतोय म्हना. आईनं इतकी वर्सं जपलं, आन् ते माज्यासाटी जपलं. एकतीस तारखेला गाळा मोकळा करा. कागद तयार हाय."

मी म्हटलं, चूक आमची आहे, पण गाळा काकींचा आहे, त्या म्हणाल्या तर मोकळा करीन. पूर्ण बोलले.

लाल फडकं आणलं. आजपासून आतून झाडल्यावर गिरणीच्या तोंडाला फडकं बांधायचं. फडकं दिसलं तर स्वच्छ, नाही तर नाही. ह्यांना दाखवलं. फडक्यावर हात ठेवून शाळेतल्या पोरासारखं "हो" म्हणाले.

२४ मार्च, मंगळ.

ह्यांनी मला न सांगता एक गोष्ट केली. ड्युटीवरून गणवेशातच काकीकडे गेले. "गहू मी दळला होता, मार्थाला माहीत नव्हतं, तिला बोलू नका." मी तर ह्यांचं नाव घेतलंच नव्हतं. उघडून पाहणं माझं काम, म्हणून.

काकी काय म्हणाली विचारलं. म्हणाली, "एक येतंय, मी केलं म्हनतंय. दुसरं येतंय, न्हाई मी केलं म्हनतंय. मला तांदूळ निवडू देताय का न्हाई?"

दोघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी. मग हे म्हणाले, "गाळा गेला तर चांदे गावात बघू, नाहीतर नांदे गावात. गिरणी काय, चार माणसं उचलतील." आठ दिवसांपूर्वी हाच माणूस मला गप्प बस म्हणत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आज मला हा माणूस फार आवडला.

२७ मार्च, शुक्र.

उद्या उपवासाची दळणं यायची. रविवारी एकादशी आणि आमचा झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा, एकाच दिवशी. संध्याकाळी गिरणी उघडली, ब्रशने झाडली, दगडाच्या कडा कापडाने पुसल्या. हे बॅटरी धरून उभे. फडकं बांधलं. कुणी येईल असं वाटत नाही. पण आलं तर.

पाळकसाहेब फोनवर म्हणाले, प्रार्थना करतो. म्हटलं, गाळ्यासाठी करू नका, काकीसाठी करा, तिचं मन फार दुखावलं आहे.

२८ मार्च, शनि.

शटर वर केलं तर काकी पायरीवर बसलेली. मांडीवर डबा.

आत आली. स्टुलावर बसली नाही. "उघड."

फडकं सोडलं, झाकण काढलं. तिने कमरेचा मोबाईल काढून माझ्या हातात दिला, "बॅटरी लाव, मला जमत न्हाई." वाकून आत बघितलं. इतकी वर्षं ती इथे बसते, पण गिरणी आतून कशी असते हे आज पहिल्यांदा बघत असावी. एका खाचेवर बोट ठेवलं, बोट पांढरं झालं. काल मी आणि ह्यांनी दोघांनी बघितलं, तरी राहिलं होतं. "झाड," म्हणाली. झाडलं. परत बघितलं. "आता लाव."

मूठभर भगर फिरवली, बाजूला काढली. तिने चिमटीत घेऊन पाहिली, वास घेतला, ठेवली. मग डबा लावला. गिरणीच्या आवाजात बोलता येत नाही, ते एका अर्थी बरंच झालं.

पीठ भरताना म्हणाली, "तुमच्यात उपास मोडला तर काय करत्यात?"

"परत धरतो, काकी."

"मी बी परत धरला, तू सांगितलंस त्याच्या दुसऱ्या दिशी. दत्ताला ठावं न्हाई, न्हाईतर वरडंल." डब्याचं झाकण लावत, "त्या दिवशी तू गेल्यावर मला तुजा लई राग आला. अजून हाय. राग काय येवढ्यात जात न्हाई माजा."

म्हटलं, "असू दे. पण मला माफ करा."

पदर डोक्यावर सारखा केला. "दत्तानं त्या दुकानाचा कागद आनून ठिवलाय. सही माजी लागती. सोमवारी सही घ्यायला बसनार हाय म्हनतोय."

"तुम्ही काय ठरवलंत?"

"सोमवार आलाय का अजून?"

डबा मी उचलू लागले तर हात बाजूला केला, स्वतःच डोक्यावर घेतला. पायरी उतरताना थांबली. "ह्या पिठाचं उद्या खाईन का न्हाई, ते बी उद्याच कळंल." आणि गेली. तिच्यामागे उपवासाचं एकही दळण आलं नाही. गव्हाचे दोन डबे आले, तेही बाहेरगावच्या मुलांचे.

पाच वाजता बंद केलं. उद्या झावळ्या घेऊन जायचं आहे, गिरणी बंद. सोमवारी ती उघडेल की उचलावी लागेल, माहीत नाही. हे म्हणाले, आता कशाला झाडतेस, सोमवारचं कुणी ठरलेलं नाही.

झाडली. काकीने दाखवलेली खाच दोनदा पुसली. फडकं बांधून ठेवलं आहे.