बिनआवाजाच्या सायकली

प्रिय ट्रिंग,

काल तुझा फोन आला आणि मी तोंड उघडायच्या आत तू सगळं बोलून मोकळी झालीस. मी इतके दिवस लपवलेलं आत्याने शेवटी तुला कळवलं म्हणे, की बाबा सायकलवरून पडले, हात मोडून घेतला, आणि आता त्यांनी एकटं राहायला नको. त्यावर तुझा हुकूम, 'दुकान बंद करा, सामान बांधा आणि माझ्याकडे या. मागची खोली रंगवून घेतलीय.' रंग कोणता तेही सांगितलंस. मी 'अगं पण' म्हणतोय तोवर तुझी मीटिंग सुरू झाली. म्हणून हे पत्र. तुला मधेच बोलायची सवय आहे, ती कागदापुढे चालत नाही. शेवटपर्यंत वाच, मग त्या खोलीचं काय करायचं ते ठरवू.

आधी आत्याच्या बातमीत एक दुरुस्ती. मी पडलो नाही, मला सशाने पाडलं. चाळीस वर्षं सायकली दुरुस्त करणारा माणूस आपणहून पडला म्हटलं तर गिऱ्हाइकं काय म्हणतील? सशाचं नाव आलंच पाहिजे.

तुला आपल्या दुकानाची पाटी आठवत असेल. 'आवाज आला तर परत आणा.' त्या पाटीवरच तू वाढलीस. मी झाडाखाली नुसता हवेचा पंप घेऊन बसायचो तेव्हा भांडवल म्हणून माझ्याकडे दोन कान होते. रस्त्याने सायकल गेली की मी ओरडायचो, 'साहेब, मागच्या चाकातले छर्रे सुकलेत!' माणूस आधी चिडायचा, मग थांबायचा, मग चाक फिरवून बघायचा आणि माझ्याकडे ज्योतिषाकडे बघावं तसा बघायचा. त्या कानांवर दुकान उभं राहिलं, तुझं शिक्षण झालं. माझ्या हातून गेलेली सायकल तुपात बोट फिरावं तशी चालते. साखळी बोलत नाही, ब्रेक कुरकुरत नाही. कालव्याकाठच्या सायकलट्रॅकवर मागून कुणी आलं आणि कळलंच नाही, तर ती सायकल आपली, असं गावात बोललं जातं. मला या गोष्टीचा किती गर्व होता ते तुला वेगळं सांगायला नको.

तर यंदा दुकानात भलत्याच तक्रारी येऊ लागल्या. पुढच्या चाकाच्या तारा वाकलेल्या, आणि तारांत अडकलेले केस. निवृत्त हेडमास्तरांच्या चाकात खार शिरली. मास्तर हँडलवरून थेट झुडपात गेले आणि तिथूनच खारीला म्हणाले, 'आधी उभी राहा!' खार उभी राहिली नाही. निवृत्तीनंतरचं सगळ्यात मोठं दुःख त्यांना त्या दिवशी झालं. बेकरीवालीने सशाला चुकवलं आणि पावांच्या टोपलीसकट कालव्यात उतरली. बदकांची चंगळ झाली. औषधांच्या दुकानवाल्याचा बेडकाशी सामना झाला, पण तो अजूनही शपथेवर सांगतो की कासव होतं. दुकानासमोरच्या बाकावर ही सगळी जखमी मंडळी बसायची आणि त्यांचं एकमत झालं होतं, की हल्ली जनावरांना शिस्त राहिली नाही. मीही मान डोलवत चाकांचा आऊट काढायचो, म्हणजे वाकडी चाकं सरळ करायचो.

मग एके दिवशी पुलापलीकडून एक आवाज आला. साखळी कोरडी, मडगार्ड सैल, मागचा ब्रेक चाकाला घासतोय, आणि सीटची स्प्रिंग कण्हतेय. मी पाना खाली ठेवला. म्हटलं, हा पेशंट अत्यवस्थ आहे. सायकल दारात थांबली आणि तिच्यावरून आपल्या गावात नव्या आलेल्या जनावरांच्या डॉक्टरबाई उतरल्या. साधारण माझ्याच वयाच्या, केस पांढरे, आवाज खणखणीत. त्यांनी बुटांचं एक खोकं माझ्या टेबलावर ठेवलं. आत शेपटीला पट्टी बांधलेली खार. म्हणाल्या, 'ओळखलंत का? तुमचं गिऱ्हाईक.'

मी म्हटलं, 'बाई, मी फक्त दोन चाकांची दुरुस्ती करतो.' त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, 'माझ्याकडे जी खार येते, जो ससा येतो, त्याला आणणाऱ्याची सायकल दारात उभी असते. प्रत्येक सायकलीवर तुमचं स्टिकर. स्टेशनसमोरचा तो दुसरा दुकानवाला आहे ना, त्याच्या सायकलीखाली आजवर बेडूकसुद्धा आलेला नाही.'

ट्रिंग, त्या दुसऱ्याचं नाव माझ्यासमोर कुणी काढलं तर मला काय होतं ते तुला माहीत आहे. त्याच्या सायकली म्हणजे भांड्यांचं कपाट जिन्यावरून गडगडत यावं तशा. मी म्हटलं, 'देवाने जनावरांना दोन-दोन कान दिलेत.' बाई म्हणाल्या, 'कान दिलेत हो, पण ऐकायला काहीतरी नको का? तुमची सायकल येते की भूत येतं, त्यांना कसं कळावं?' बाकावरून हेडमास्तर हळूच म्हणाले, 'मुद्दा तपासून पाहण्यासारखा आहे.' घरभेदी!

तपासायचं ठरलं. पहाटे मी आणि डॉक्टरबाई ट्रॅकवर गेलो. आधी त्या आपल्या खटाऱ्यावरून निघाल्या. कडेच्या गवतात ससा बसला होता. आवाज येताच उठला, सभ्य माणसासारखा बाजूला झाला, त्या गेल्यावर पुन्हा येऊन बसला. मग मी निघालो. ससा माझ्याकडे पाठ करून निवांत चघळत होता. मला वाटलं, त्याने ऐकलंय. त्याला वाटलं, कुणी नाहीये. आम्हा दोघांना खरं काय ते एकाच क्षणी कळलं. त्याने नेमकी माझ्या चाकासमोर उडी मारली, मी हँडल वळवलं, आणि पुढचं आभाळ, गवत, आभाळ, गवत असं काहीतरी आठवतं.

डॉक्टरबाई धावत आल्या, मला ओलांडून पुढे गेल्या आणि सशाला हुडकू लागल्या. मी उताणा पडून ऐकतोय, 'कुठे लागलं रे राजा? दाखव बरं.' राजा म्हणजे ससा. तो ठणठणीत होता, कान खाजवत होता. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, 'तो बरा आहे. आता तुम्ही बोला.' बॅगेतून फळी-पट्टी काढून माझा डावा हात बांधला. इस्पितळातल्या हाडांच्या डॉक्टरने ती बांधणी उलटसुलट बघितली आणि म्हणाला, 'फार सुंदर काम आहे, पण काका, ही फळी मोठ्या कुत्र्याच्या मापाची आहे.'

मी हार मानली. हात गळ्यात असताना एका हाताने एक युक्ती केली. चाकाच्या तारेवर एक छोटा पितळी मणी सैल ओवायचा. चाक फिरलं की मणी वर-खाली घसरतो आणि टक्... टक्... असा बारीक आवाज येतो. माणसाला त्रास नाही, सशाला मात्र वर्दी. हेडमास्तर खवळले. 'जन्मभर आवाज बंद करत आलास आणि आता तूच आवाज बसवतोस?' मी म्हटलं, 'मास्तर, खार तुमचं ऐकत नव्हती. आता तिला ऐकू तरी जाल.' त्यांच्या दोन्ही चाकांना मणी बसवले. बाकावर आता कुणी नवा जखमी येत नाही, आणि मंडळींचं नवं मत असं, की जनावरं सुधारली.

हात बघायला डॉक्टरबाई रोज संध्याकाळी येऊ लागल्या. आत्याने तुला हे सांगितलंच असणार, कदाचित याच भागावर जास्त वेळ घेतला असेल. पहिल्यांदा घरात आल्या तेव्हा दार ढकललं, आवाज नाही. कपाट उघडलं, आवाज नाही. खुर्ची ओढली, तीही मुकी. म्हणाल्या, 'अहो, इथे माणूस राहतो की चोर?' खरं सांगू? तू नोकरीला गेलीस तेव्हापासून संध्याकाळी करायला काही नसायचं, म्हणून मी तेलाची बाटली घेऊन घरभर फिरायचो. एकेक बिजागरी गप्प केली. तू होतीस तेव्हा दारं आपटायचीस, तुझी आई होती तेव्हा भांडी आपटायची, आणि मी दोघींवर ओरडायचो. आता पुलापलीकडची साखळी ऐकणारे माझे कान घरात नुसते बसून असतात. मी हे बोलून गेलो. बाईंनी फक्त आणखी एक कप चहा मागितला, आणि बशी जरा जोरातच ठेवली.

आता जे आत्यालाही माहीत नाही ते सांगतो. प्लास्टर कधीच निघालंय. आत्या बघते ती नुसती झोळी. दुकान बंद झालं की मी ती गळ्यात अडकवतो. डॉक्टरबाईंनाही ते ठाऊक आहे, शेवटी डॉक्टरच आहेत, तरी रोज हात तपासून 'अजून थोडे दिवस' म्हणतात. परवा त्या म्हणाल्या, 'माझीही सायकल दुरुस्त करा की एकदा.' मी जन्मात पहिल्यांदा एक काम नाकारलं. का, म्हणून विचारलं, तर सांगितलं, 'तुम्ही पुलावर असतानाच कळतं मला. चहाचं आधण ठेवायला वेळ मिळतो.' त्या खूप हसल्या. मग हसता हसता थांबून म्हणाल्या, 'आणि मी परत गेलेच नाही, तर आधण किती वाजता ठेवाल?' मी म्हटलं, 'मुलीला विचारून सांगतो.' पोरी, तेच विचारायला हे पत्र लिहिलं. ती खोली राहू दे, आम्ही दोघं पाहुणे म्हणून येऊ, रंग छानच आहे. तुझं मन हो म्हणत असेल तर फोन कर, या वेळी मीटिंग नसताना. आणि पटत नसेल तर फोन करू नकोस, सरळ ये, समोर उभी राहून भांड आणि जाताना दार चांगलं धाडकन आपट. बिजागऱ्यांचं तेल मी कालच पुसून काढलंय.

आवाजाची वाट पाहणारा,
तुझाच,
बाबा